आधी बिल भिंतीवर लावा

इंदूरच्या मल्हारगंज, टोरी कॉर्नर, बडा गणपती आणि रामबाग भागातल्या सर्व रहिवाशांना हे आवाहन.

काल रंगपंचमी झाली. टोरी कॉर्नरची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघाली, रस्ते गुलालानं माखले, आणि गर्दी पांगते न पांगते तोच पालिकेच्या सफाई कामगारांनी ते धुऊन काढायला घेतले. आज सकाळी पोहे-जिलेबी खायला निघालेल्या पाहुण्याला कालचा धुमाकूळ दाखवायचा, तर भिंतींवरचे डाग शोधावे लागतील. आपल्या शहराला हे जमतं, म्हणूनच आज एक मागणं घेऊन आपल्या ओट्यावर आलो आहे.

गुढीपाडव्याला दहा-अकरा दिवस उरलेत. तेवढ्यात प्रत्येक गल्लीनं आपल्या जवळची एक सरकारी इमारत निवडावी. शाळा, दवाखाना, तहसील कचेरी, पोलीस ठाणं, पालिकेचं झोन कार्यालय, अंगणवाडी, कोणतीही चालेल. त्या इमारतीच्या मागच्या बारा महिन्यांच्या वीजबिलांच्या प्रती मागाव्यात आणि मिळाल्या की त्यांचा गोषवारा त्याच इमारतीच्या दर्शनी भिंतीवर लावायला सांगावं. मागणं इतकंच आहे. पंखे, दिवे, सौर पॅनल हे सगळं त्यानंतर.

घाई कशाची, असं कुणी विचारेल. आर्थिक वर्ष संपत आलंय. १ एप्रिलपासून नव्या वर्षाचा पैसा कुठं जायचा, हे याच दिवसांत ठरतं. चैत्र लागला की पंखे, कूलर आणि एसी एकदम सुरू होतात आणि पुढचे तीन महिने बिल चढत जातं. आज अर्ज पडला तर मे महिन्यात हातात आकडे असतील. पाऊस सुरू झाल्यावर पडला, तर आणखी एक उन्हाळा आणि आणखी एक अंदाजपत्रक हातचं गेलेलं असेल.

कपाटामागचं बटण

मागच्या उन्हाळ्यात एका सरकारी कचेरीत दाखल्यासाठी दोन तास बसलो होतो. कचेरीचं नाव सांगत नाही, कारण दुखणं एकट्या तिचं नाही. शेजारच्या खोलीत माणूस नव्हता. पाच पंखे आणि सहा ट्यूबलाइटच्या नळ्या मात्र इमानेइतबारे चालू होत्या. शिपाईकाकांना म्हटलं, “काका, बंद करू का?” ते हसले आणि भिंतीला टेकवलेल्या लोखंडी कपाटाकडे त्यांनी बोट दाखवलं. बटणांचा बोर्ड कपाटाच्या मागे होता आणि कपाट फायलींनी गच्च भरलेलं. सकाळी मेन स्विच वर, संध्याकाळी खाली. मधल्या वेळात त्या खोलीला बटणच नव्हतं.

“किती वर्षं झाली?”

“मी इथं आलो तेव्हापासून असंच. हलवायला चार माणसं लागतील.”

मी घरी आलो आणि तिसऱ्या दिवशी विसरून गेलो. आपण सगळे असेच विसरतो. घरात बाथरूमचा दिवा चालू राहिला तर आजी तिथूनच ओरडते, कारण महिनाअखेर बिल घरात येतं आणि ते कुणीतरी मोठ्यानं वाचतं. कचेरीचं बिल मात्र लेखा शाखेत जातं, तिथून कोषागारात, आणि पंख्याखाली बसणाऱ्याला त्याचा आकडा कधी दिसतच नाही. शिपाईकाका बेफिकीर नव्हते. त्या खोलीचं बिल किती येतं हे त्यांना, त्यांच्या साहेबांना आणि बाकावर बसलेल्या आम्हा दहा जणांनाही ठाऊक नव्हतं. बिल मात्र आम्हीच भरत होतो, आमच्या करातून.

शंभर वर्षांपूर्वीची दिवाळी

न दिसणारं दिसतं करण्याचा धडा इंदूरला नवा नाही. १९१७ साली शहर प्लेगनं हैराण होतं. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस तेव्हा होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून इथं आले होते. गल्लीबोळ पायी हिंडून त्यांनी पाहिलं, की लोकांना रोग दिसतो, पण रोग पोसणारी घाण आणि उंदीर अंगवळणी पडल्यामुळे दिसेनासे झालेत. त्यांनी महाराजांकडून एका दिवसाची सत्ता मागून घेतली आणि जाहीर केलं, की दिवाळीची मिरवणूक यंदा ठरलेल्या वाटेनं जाणार नाही. ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ असतील आणि जिथली घरं डागडुजी करून नीटनेटकी केलेली असतील, त्या गल्ल्यांतून ती जाईल. मग काय, घरोघरी झाडलोट सुरू झाली आणि वर्षानुवर्षांचा कचरा गाड्या भरभरून बाहेर निघाला. मिरवणुकीत प्लेगचा राक्षसी उंदीर होता आणि सफाई कामगार मानानं चालत होते.

पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, गेडिस यांचा इंदूरवरचा दोन खंडांचा अहवाल आला. त्यांची रीत अशी, की आधी रोग्याला नीट तपासायचं आणि मग कमीत कमी चिरफाड करायची. अख्खी वस्ती पाडून रुंद रस्ते काढण्यापेक्षा एक पडकी भिंत हटवून, एक विहीर साफ करून काय साधतं, ते आधी बघायचं.

त्या दिवाळीनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१७ पासून, स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर सतत वरच्या पायरीवर आहे. कचरागाडीचं गाणं आणि वेगवेगळ्या रंगांचे डबे आपण पाठ केले. ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा, दिवसाला ५५० टन कचरा रिचवणारा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये देवगुराडियाला सुरू झाला. पण त्याचा पाया घराघरात घातला गेला, केळीची साल कुठल्या डब्यात टाकायची यावर सासू-सुनेचं एकमत झालं त्या दिवशी. कचरा डोळ्यांना दिसतो, नाकाला कळतो. वाया गेलेल्या विजेला रंग नाही, वास नाही, तिची गाडी दाराशी येत नाही. तिला दिसतं करायचं तर एकच कागद आपल्याकडे आहे, आणि तो म्हणजे बिल.

एका कचेरीचा हिशेब

हिशेब कुठल्या खऱ्या कचेरीचा नाही, पण आकडे रोजचेच आहेत. समजा, एका मध्यम कचेरीत ४० पंखे आणि ६० जुन्या नळ्या आहेत.

जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट खातो. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तेवढाच वारा सुमारे ३० वॉटमध्ये देतो. दिवसाला दहा तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे १३५ युनिट वाचतात, चाळीस पंख्यांमागे ५,४००. जुनी नळी चोकसकट ५० वॉटच्या आसपास घेते, एलईडी नळी २०. रोज आठ तास धरले तर साठ नळ्यांचे ४,३२० युनिट वाचतात. दोन्ही मिळून वर्षाला ९,७२० युनिट. युनिटला आठ रुपये धरले तरी पाऊण लाखाच्या वर रक्कम होते. आणि हे एका कचेरीचं झालं.

एसीचा हिशेब याहून सोपा, कारण त्यात खरेदी काहीच नाही. ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं, की तापमान एक अंशानं वाढवलं तर साधारण सहा टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून तारांकित घरगुती एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात. तो १८ वर नेणारं बोट आपलंच असतं. बाहेर चाळीस अंश आणि आत साहेबांच्या खांद्यावर शाल, हे दृश्य आपल्याला नवं नाही.

आता छताकडे वळू. एक किलोवॉटच्या सौर पॅनलला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते, आणि माळव्याच्या उन्हात त्यातून वर्षाला १,४०० युनिटच्या आसपास वीज मिळते. म्हणजे पंखे-नळ्यांतून वाचलेले ९,७२० युनिट सौर पॅनलमधून काढायचे तर सात किलोवॉटची पॅनलं आणि सातशे चौरस फूट गच्ची लागली असती. म्हणून क्रम महत्त्वाचा. गळक्या माठात पाणी भरायचं नसतं. आधी गळती बुजवा, मग लहान संयंत्रानंही भागतं.

नळ गळतो तेव्हा वीजही गळते

इंदूर पालिकेच्या विजेचा मोठा वाटा पाण्यात जातो, हे आपण नेहमी विसरतो. १९७० साली या शहरानं नर्मदेच्या पाण्यासाठी आंदोलन केलं आणि त्या दशकाच्या अखेरीस पाणी आलं. जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर अंतर कापून, विंध्याचा चढ चढून ते आपल्या नळाला येतं. स्वतःहून नाही चढत, पंप चढवतात. त्या पंपांचं बिल महिन्याला वीस-पंचवीस कोटींच्या घरात जातं, असं पालिकेकडूनच वेळोवेळी सांगण्यात आलंय.

हे बिल उतरवायला पालिकेनं फेब्रुवारी २०२३ मध्ये देशात गाजलेलं पाऊल उचललं. जलूद परिसरात ६० मेगावॉटचं सौर केंद्र उभारण्यासाठी सर्वसामान्य गुंतवणूकदारांपुढे २४४ कोटींचे हरित रोखे आणले, व्याज ८.२५ टक्के. मूळ १२२ कोटींच्या विक्रीला ७२० कोटींहून अधिकची मागणी आली. सामान्य माणसालाही दहा हजारांपासून पैसे गुंतवता येत होते. सूर्यावर विश्वास ठेवायला लोक तयार आहेत, याचा याहून रोकडा पुरावा कुठला हवा?

आता उलट बाजूनं पाहा. शाळेच्या मुतारीतला गळका नळ, दवाखान्याच्या गच्चीवरची भरून वाहणारी टाकी. ते पाणी विंध्य चढून आलंय आणि टाकीत जायला आणखी एक मजला चढलंय. एका बाजूला साठ मेगावॉट उभे करायचे आणि दुसऱ्या बाजूला टाकीला तरंगत्या गोळ्याची झडप बसवायची नाही, याला काय म्हणावं? तेव्हा बिल मागाल तेव्हा नळही पाहून या.

छत रिकामं का?

सरकार आपल्याला सांगतं, घरावर पॅनल लावा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या घरगुती संयंत्राला ७८,००० रुपयांचं अनुदान मिळतं आणि योजनेची मुदत २०२६-२७ पर्यंत आहे. चांगलंच आहे. आपल्यापैकी कित्येकांनी लावलीही असतील. पण मला विचाराल तर घरापेक्षा कचेरीचं छत सूर्याला जास्त सोयीचं. घरातली माणसं दिवसा बाहेर, दिवे-टीव्ही रात्री. कचेरी आणि शाळा चालतात दहा ते पाच, नेमक्या उन्हाच्या वेळी. पॅनल वीज देतं तेव्हाच पंखा ती मागतो. रविवारी उरलेली वीज नेट मीटरमधून ग्रिडला जाते आणि बिलात वळती होते.

ऊन तर आपल्याकडे आहेच. कर्कवृत्त उज्जैनच्या पलीकडून जातं. आपण त्याच्या जरा दक्षिणेला असल्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली दडते. दोन हजार चौरस फुटांच्या मोकळ्या गच्चीवर वीस किलोवॉट बसतात, त्यातून वर्षाला अठ्ठावीस हजार युनिट मिळू शकतात. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तेव्हा एवढ्या युनिटांमागे एकोणीस-वीस टन वाचतो. ग्रिडच्या विजेसाठीचा कोळसा फार लांब जळत नाही. खंडवा जिल्ह्यातलं श्री सिंगाजी औष्णिक केंद्रच २,५२० मेगावॉटचं आहे. ज्या संतानं निमाडात साधेपणा शिकवला, त्याच्या नावाच्या चिमण्यांचा धूर थोडा कमी करणं आपल्या गच्चीवरून शक्य आहे.

“पैसा कुठून आणणार?” हा प्रश्न कचेरीत हमखास येईल. त्याचं उत्तर पाठ करून जा. सरकारी छतांसाठी दोन वाटा आहेत. एकीत खातं स्वतः पैसे घालून संयंत्र विकत घेतं. दुसरीला रेस्को म्हणतात. तीत खाजगी कंपनी स्वखर्चानं पॅनल लावते, करार साधारण २५ वर्षांचा, आणि खातं फक्त निघालेल्या युनिटचे ठरलेल्या दरानं पैसे देतं. दुसरीत देखभालीची चिंता कंपनीला, कारण पॅनल धुळीनं झाकलं तर कमाई तिची बुडते. पहिलीत संयंत्र उद्घाटनाच्या दिवशी चमकतं आणि पुढं कुणाचंच राहत नाही, असं घडू शकतं. आमच्या गच्चीवरून एका सरकारी इमारतीचं छत दिसतं. तिथली पॅनलं दिवाळीला राखाडी होती, होळीला मातकट झाली. इन्व्हर्टर चालू आहे की बंद, हे रस्त्यावरून कळायला मार्ग नाही. म्हणून बिलासोबत सौर निर्मितीचा महिन्याचा आकडाही मागायचा. पॅनल बसलं की नाही, हे फोटोत दिसतं. चाललं की नाही, हे आकड्यातच.

दाखले हवे असतील तर तेही जवळ ठेवा. दिल्लीतलं इंदिरा पर्यावरण भवन ही अख्खी मंत्रालयाची इमारत २०१४ साली छतावरच्या ९३० किलोवॉट पॅनलांसह उभी राहिली. सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्याच राज्यातली सांची सौरनगरी झाली. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी हे छोटंसं गाव २०२४ मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं सौरग्राम ठरलं. तिथं ग्रामपंचायतीच्या घराला जे जमलं, ते मल्हारगंजच्या कचेरीला जमू नये, असं कारण मला तरी सापडत नाही.

जुन्या भिंतींचं शहाणपण

आपल्या भागातल्या काही इमारतींची गोष्ट वेगळी आहे. लाल अस्पतालाच्या परिसरात उभं राहून पाहा, किंवा रामबागेकडच्या जुन्या वास्तूंतून फिरा. होळकरकाळानं शिकवलेल्या बांधणीत उंच छतं, जाड भिंती, पडव्या आणि वर रोशनदानं होती. गरम हवा वर चढायची आणि रोशनदानातून निघून जायची. माळव्याची रात्र गार, म्हणून तर ‘शब-ए-मालवा’ची ख्याती. रात्रीची गार हवा आत घ्यायची आणि दिवसा जाड भिंतींनी ती धरून ठेवायची, हे ते तंत्र होतं. अनेक जुन्या सरकारी वास्तूंत पुढं फॉल्स सीलिंग आलं, रोशनदानं प्लायवुडनं बुजली, पडव्यांत केबिन झाल्या. मग उकडायला लागलं म्हणून एसी आले.

अशा इमारतींना गेडिस यांची रीत लावायची. आधी बुजवलेली रोशनदानं उघडा. पश्चिमेच्या खिडक्यांना छज्जे किंवा वाळ्याचे पडदे द्या. गच्चीला चुन्याचा किंवा परावर्तक रंगाचा पांढरा हात द्या. वरच्या मजल्याची खोली त्यानं दोन ते पाच अंशांनी उतरू शकते. पॅनल बसवायचीच तर जुन्या गच्चीचा भार अभियंत्याकडून तपासून घ्या, आणि दर्शनी बाजूनं दिसणार नाहीत अशी बसवा.

नव्या इमारतींना तर कायद्याचा धाक आहे. ऊर्जा बचतीची इमारत संहिता २००७ सालची, २०१७ मध्ये ती सुधारली. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनं तिला शाश्वततेची जोड दिली. तेव्हा आपल्या भागात नवी सरकारी इमारत उठत असेल तर नकाशा मंजूर होतानाच विचारा, हिला संहिता लावली का? भिंत उभी राहिल्यावर विचारून उपयोग नाही.

कुणी काय करायचं

१. गल्लीतल्या चार घरांनी मिळून एक इमारत वाटून घ्या. आधी नुसतं मागून पाहा. कचेरीतली माणसं आपल्यासारखीच आहेत, त्यातली कितीतरी आपल्याच गल्लीत राहतात. नाही मिळालं तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज द्या, शुल्क दहा रुपये, उत्तराला तीस दिवस. मंगळवारच्या जनसुनवाईतही विषय मांडता येतो. वाहती टाकी, दिवसा जळणारे रस्त्यावरचे दिवे यांसाठी पालिकेचं इंदूर ३११ ॲप आहेच.

२. निवृत्त अभियंते, वीज मंडळातून निवृत्त झालेली काकामंडळी, एसजीएसआयटीएस आणि आयआयटीत शिकणारी मुलं, तुमची गरज बिल हाती आल्यावर आहे. मंजूर भार किती, कमाल मागणी किती, पॉवर फॅक्टरपोटी दंड बसतोय का, आणि स्मार्ट मीटर असेल तर रात्री नि रविवारी इमारत किती वीज खाते, एवढं काढून द्या. बंद इमारत जागी असेल तर ती रात्रीच सापडते.

३. शिक्षकांनी सातवी-आठवीच्या मुलांना शाळेच्या मीटरची वही द्यावी. रोज दहा वाजता आणि पाच वाजता आकडा टिपायचा, मीटरला हात न लावता. महिन्याभरात गणिताचा आलेख तयार होईल आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतला विसरलेला गीझरही सापडेल.

४. सरकारी कर्मचाऱ्यांनो, आम्ही तुमच्याविरुद्ध नाही. तापलेल्या खोलीत बसून काम करणारे तुम्हीच आहात. तुटकं बटण, कपाटामागचा बोर्ड, न फिरणारा पंखा हे लिहून ठेवा. ती यादी आमच्या मागणीला जोडू.

५. पार्षदांना आणि आमदारांना भेटाल तेव्हा फीत कापण्याचं आमंत्रण देऊ नका. देखभालीसाठी दरवर्षी किती तरतूद, एवढंच विचारा.

६. छतावर स्वतः चढू नका, पॅनलवर पाणी मारू नका, “सरकारी सोलरचं काम करून देतो” म्हणणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नका, आणि कारकुनाशी भांडू नका. हे काम चिडून होणारं नाही, चिकाटीनं होईल.

वेळापत्रक असं धरू. पाडव्यापर्यंत इमारत ठरलेली आणि अर्ज दिलेला. अक्षय तृतीयेच्या सुमारास बिलं हातात. ३१ मे हा अहिल्यादेवींचा जन्मदिवस. ज्यांनी राज्याच्या पै-पैचा हिशेब ठेवला, त्यांच्या नावानं त्या दिवशी प्रत्येक निवडलेल्या इमारतीच्या दारात एक साधा फळा लागलेला असावा: या महिन्याचे युनिट, मागच्या वर्षी याच महिन्याचे युनिट, सौर निर्मिती, रुपये. खडूनं लिहिलेलं चालेल. पुढच्या वर्षी गेर निघेल, अनंत चतुर्दशीला झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतील, तेव्हा ज्या रस्त्यावरच्या इमारतींचे फळे भरलेले असतील त्या रस्त्याला पुढचा मान द्यावा, असं मंडळांना सुचवायला काय हरकत आहे? गेडिस साहेबांना हे आवडलं असतं.

अर्जाचा मजकूर

हिंदीत लिहिलात तर कचेरीला सोपं जाईल. मुद्दे एवढेच ठेवा:

“माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये पुढील माहिती मिळावी. (१) आपल्या इमारतीच्या मागील बारा महिन्यांच्या वीजबिलांच्या प्रती. (२) जोडणीचा मंजूर भार आणि प्रत्येक महिन्याची कमाल मागणी. (३) इमारतीचं ऊर्जा लेखापरीक्षण झालं असल्यास त्या अहवालाची प्रत, झालं नसल्यास तसं कळवावं. (४) छतावर सौर संयंत्र असल्यास त्याची क्षमता, ते सुरू झाल्याची तारीख, मागील बारा महिन्यांतली महिनावार निर्मिती आणि देखभालीची जबाबदारी कोणाकडे आहे, याची माहिती.”

खाली नाव, पत्ता, सही. पोच घ्यायला विसरू नका, आणि तिच्यावरची तारीख घरातल्या कालनिर्णयवर टिपून ठेवा.

आता माझ्या वाट्याची इमारत. ती कचेरी मी निवडली आहे, जिथं मागच्या उन्हाळ्यात दोन तास बसलो होतो. परवा सहज डोकावलो. कपाट तिथंच आहे, पंखे फिरताहेत, शिपाईकाकांनी ओळखलं. सोमवारी साहेबांची परवानगी मागायला जातोय. चार माणसं लागतील म्हणाले होते. आम्ही तिघं ठरलो आहोत. चौथं कोण येतंय?

आपला,
मल्हारगंजचा एक रहिवासी